घट्ट्यावर ब्लेड चालवू नका : पायी वारी, पारायण, नमाज आणि कुंकू यांबाबत या चुका टाळा

अकोला-खामगावकडून शेगावला अनवाणी पायी जाणाऱ्यांच्या टाचांना घट्टे पडतात, मांडी घालून तासन्‌तास पारायणाला बसणाऱ्यांच्या घोट्याबाहेरची कातडी काळवंडते, आणि पाच वेळा नमाज पढणाऱ्यांच्या कपाळावर, गुडघ्यांवर व घोट्यावर तसाच जाड डाग उमटतो. हा रोग नव्हे. सततच्या दाबाने आणि घर्षणाने कातडीचा वरचा थर जाड होतो, आतल्या मांसाला ती ढालच असते.

खरी चूक पुढे होते. माझे वडील वारीहून आले की ओट्यावर बसून, पाय बादलीत भिजवून, दाढीच्या ब्लेडने टाचेची पांढरी पडलेली साल काढत. एकदा ब्लेड खोल गेले, त्यांनी हळद दाबली, आणि आठवड्याने पाऊल सुजून ताप चढला. त्यांना मधुमेह होता, पायाची जाणीव कमी झाली होती, म्हणून जखम किती खोल आहे हे त्यांना कळलेच नाही. मधुमेह असलेल्यांनी घट्टा स्वतः कापू नये आणि कुरुपाची औषधी पट्टीही लावू नये, कारण तिच्यातील सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही जाळते. इतरांनी पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वज्रीने हलकेच घासावे आणि व्हॅसलीन लावावे. दाब तसाच राहिला तर घट्टा पुन्हा येतो, म्हणून बैठकीखाली गोधडीची घडी किंवा जाड जानमाज (नमाजाची चटई) घ्यावी. घट्ट्याला चीर पडली, पू आला किंवा दाबल्यावर खिळा रुतल्यासारखे दुखले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

कपाळावरच्या कुंकू-टिकलीची गोष्ट वेगळी आहे. कुंकवातील रंगाने खाज सुटून जागा काळी पडू शकते, तर टिकलीच्या गोंदातील रसायनाने तिथला रंग उडून पांढरा डाग पडू शकतो. तो झाकायला बायका आणखी मोठी टिकली लावतात, आणि डाग टिकलीबरोबर वाढत जातो. खरे तर टिकली त्याच दिवशी बंद करायला हवी.

फिकट डाग अंगावर कुठेही असो, डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवून पाहा. टिकलीच्या डागावर स्पर्श कळतो. तो कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा; तिथे गोळ्या मोफत मिळतात आणि लवकर सुरू केल्या तर हातापायांचे व्यंग टळते.