मृगापूर्वी मातीच्या धरणाची तयारी

खानदेशात मे अखेरीस बागायती कापसाची लागवड सुरू झाली की धरणाकडे बघायला कुणाला सवड नसते, म्हणून गावच्या लहान मातीच्या धरणाची पाहणी त्याआधीच, साठा तळाला गेलेला असताना उरकावी. पाणबाजूची खालची पिचिंग (उतारावरचे दगडी अस्तर) आणि विमोचकाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीचे, तोंड तेव्हाच उघडे असते.

सर्वांत आधी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, जावे. तेथील झुडपे व गाळ काढावा, मासे अडवण्यासाठी लावलेली जाळी काढावीत, आणि रब्बीला हातभर जास्त पाणी मिळावे म्हणून कुणी तोंडाशी पोती रचली असतील तर तीही हटवावीत, कारण मातीची भिंत माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही आणि सातपुड्यातले नाले बघता बघता फुगतात. या बाबतीत कुणाची भीड ठेवू नये.

मग माथ्यावरून पायी चालत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या व खचलेल्या जागा भराव्यात. काळ्या मातीतील उन्हाळी भेगा वरवर मुरूम टाकून बुजवू नयेत. त्या तळापर्यंत उकरून ओलसर चिकण मातीचे पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. भेग भिंतीच्या लांबीने जात असेल व तिची एक बाजू खाली बसली असेल, तर हात न लावता शाखा अभियंत्यांना बोलवावे. घुशी-खेकड्यांची बिळेही उन्हाळी भेगांप्रमाणेच उकरून, थर ठोकून भरावीत. वेड्या बाभळीची रोपे मुळासकट उपटावीत. मोठे झाड मात्र परस्पर तोडू नये, कारण मागे राहिलेली मुळे कुजून पाण्याला वाट मिळते.

पायथ्याशी थोडा पाझर असणे हा दोष नव्हे, निचरा चर त्यासाठीच असतो. ते पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहावे. नितळ असल्यास नोंदवहीत लिहावे, गढूळ असल्यास भिंतीची माती वाहून जात आहे असे समजून लगेच कळवावे. असा झरा मातीने दाबू नये, पाणी दुसरीकडून फुटते. अभियंते येईपर्यंत त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे माती अडते आणि पाणी निघून जाते. हे साहित्य पावसाआधीच धरणाजवळ आणून ठेवावे, कारण चिखलात ट्रॉली तिथवर पोहोचत नाही.

विमोचकाची झडप वंगण घालून एकदा पूर्ण उघडून मिटावी. पांझरा नदीकाठच्या फडांत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या पद्धतीत, पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या नेमलेले असत. तशीच रात्रीच्या पहाऱ्याची माणसे ठरवून, खालच्या वस्तीला कोण कळवणार त्याचे नाव व मोबाईल क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.