टीव्हीच्या मदतीने लहान मुलांना भावना ओळखायला कसे शिकवावे

सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी मुलांना अंगणात सोडता येत नाही आणि टीव्ही लागतोच. म्हणून तो लावूच नये असा उपदेश करण्यापेक्षा, तो लावल्यावर मोठ्यांनी काय करावे हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

कार्यक्रम निवडणे सोपे आहे: संथ गतीचा आणि एका भागात एकच भावना हाताळणारा असावा. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ ही मालिका त्याचा उत्तम नमुना आहे. राग आला की खोल श्वास घेऊन चारपर्यंत मोजायचे, अशी एखादी युक्ती त्यात छोट्या गाण्यातून पुन्हा पुन्हा येते. इंग्रजीची अडचण मानू नये. आवाज कमी करून गोष्ट आपण मराठीत सांगावी; घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषेत सांगावी. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक टीव्ही नको, आणि दोन वर्षांखालील मुलांना मुळीच नको.

खरी कसोटी गप्पांची असते. याच मालिकेवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्या घरांत आईवडील पाहिलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी नेहमी बोलत, तेथील मुलांनाच फायदा झालेला दिसला. मात्र बोलणे म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. “सांग बघू, त्याला काय वाटलं?” असे विचारले की मूल एक तर गप्प बसते किंवा “छान” म्हणून मोकळे होते, मीही बरेच दिवस येथेच अडले होते. त्याऐवजी चित्र थांबवून जे दिसते तेच बोलावे: “भुवया बघ कशा खाली आल्यात. मूठ पण आवळलीय.” एवढे बोलून थांबावे. ही शांतता मोठ्यांना सोसत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. कृपा करून तसे करू नये. मूल बोलले, किंवा नुसती स्वतःची मूठ आवळून दाखवली, की मगच त्याचा एखादा अनुभव जोडावा: “गड्ड्याच्या जत्रेत मोठा पाळणा फिरायला लागला, तेव्हा तू माझा पदर असाच घट्ट धरला होतास.” त्यापुढे “त्यात घाबरायचं काय?” हे शेपूट जोडले, तर पुढच्या वेळी मूल भीती लपवायला शिकते. “बघ, तो कसा शहाण्यासारखा वागतो” हे वाक्य तर घरातून हद्दपारच करावे.

श्वासाची युक्ती ऐन आकांडतांडवात शिकवायला जाऊ नये. ती वेणी घालताना किंवा आंघोळीच्या वेळी, मूल मजेत असताना घटवून घ्यावी. प्रत्यक्ष राग उसळला की आपण खाली बसून, मुलाला ऐकू येईल असा श्वास स्वतः घ्यावा आणि मोजावे. ते सोबत मोजत नसेल तर आग्रह धरू नये. हात उगारला तर तो धरून “राग आलाय, पण मारायचं नाही” एवढेच म्हणावे. या वेळी भाषण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणतेच मूल नसते.

तोच भाग दहा वेळा मागितला तर लावावा.

टीव्ही बंद करण्याआधी “हे गाणं संपलं की बंद” असे सांगून ठेवावे. तरीही रडारड होईल. ती थांबवण्यासाठी हातात मोबाइल देऊ नये, कारण शिकलेले वापरून पाहण्याची दिवसातली पहिली संधी बहुधा तीच असते.