पॉवर वीडरच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय?

ऑइल कमी झालं की सगळे धावपळ करतात. वाढलं तर कुणी विचारतही नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या वीडरमध्ये, म्हणजे तण काढायच्या यंत्रात, खरी भीती वाढलेल्या ऑइलचीच. डिपस्टिकवरून ऑइल पाण्यासारखं ओघळत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन सुरू करू नका. २१२ सीसीच्या, ७ एचपीच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला बहुधा वेगळं बेअरिंग नसतं. पिस्टनला जोडलेला ॲल्युमिनियमचा हा रॉड थेट क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) फिरतो, आत उडणाऱ्या ऑइलवरच तगतो. ऑइल पातळ झालं की आधी तोच जाम होतो आणि मोडला तर केसिंगही फोडतो.

टाकी वर, कार्बोरेटर खाली. कार्बोरेटरच्या तळचा बाउल (पेट्रोलची वाटी) भरला की त्यातला फ्लोट (तरंगता फुगा) उचलला जातो आणि नीडल (टोकदार सुई) आपल्या सीटवर बसून पेट्रोलची वाट बंद करते. नीडलखाली कचरा अडकला किंवा तिचं टोक झिजलं, आणि त्यात रात्रभर टाकीचा पेट्रोल कॉक उघडा राहिला, की बाउल ओसंडतो. पेट्रोल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरतं. सकाळी दोरी अडकत असेल, एअर फिल्टर ओला असेल, तर दुखणं हेच.

कॉक आणि स्विच बंद करा. प्लग काढून दोरी चार-पाच वेळा ओढा. पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास बिडी-काडी नको. मग ऑइल मापाच्या बाटलीत काढा. या इंजिनात साधारण ६०० मिली असतं. त्याहून जास्त निघालं, तर वरचं पेट्रोल समजा.

आता १० नंबरच्या पान्याने बाउल उतरवा. पिन ओढून फ्लोट आणि नीडल बाहेर घ्या. एवढ्यावर कॉक बंद असतानाही सीटमधून थेंब पडत असेल, तर कॉकही गेलाय. नीडलच्या टोकावर गोल खाच दिसली तर ती बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळलं तर तोही बदला. सीट कार्ब क्लीनर आणि कापसाच्या काडीने पुसा. तार किंवा पॉलिश पेपर लावलात तर सीट कायमची जाते, मग कार्बोरेटरच नवा घ्यावा लागतो.

कार्बोरेटर इंजिनावरून उतरवून त्यात नीडल आणि फ्लोट जोडा, मग बाउल न लावता तो उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून फुंका. हवा अडली पाहिजे, फ्लोट बोटाने उचलल्यावर सुटली पाहिजे. ही परीक्षा टाळून बसवलेला कार्बोरेटर बऱ्याचदा पुन्हा उतरवावा लागतो.

वीडर सपाट जागी ठेवून १०डब्ल्यू-३० ऑइल, ते भरायच्या तोंडाच्या काठापर्यंत भरा. दहा मिनिटं चालवून तेही काढून टाका, कारण कोपऱ्यांत पेट्रोल उरतं. पुन्हा ताजं भरा. कॉक उघडा ठेवून दोन तासांनी पातळी बघा. तसूभरही वाढायला नको.

यापुढे काम संपताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. टेम्पोत चढवतानाही कॉक बंदच हवा.