रेखांशाचा सांधा: समुद्राच्या तापमानाचा नकाशा काढताना या चुका टाळा

समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या काही फायलींत रेखांश ० ते ३६० असतात, काहींत −१८० ते १८०. अमेरिकेच्या एनओएए संस्थेच्या ओआयएसएसटी या तापमानाच्या डेटासंचात ते ०.१२५ पासून ३५९.८७५ पर्यंत जातात, तर ब्रिटिश हवामान खात्याच्या हॅडआयएसएसटीत −१७९.५ पासून १७९.५ पर्यंत. फाइल उघडल्यावर आधी हे दोन आकडे बघा. पाच सेकंदांचं काम आहे, पण नवख्यांना रंगीत नकाशाची इतकी घाई की विचारू नका.

घाईचं फळ मीही चाखलंय. निनो ४, म्हणजे एल निनोवर नजर ठेवायला वापरतात तो विषुववृत्तीय प्रशांतातला पट्टा, १६० पूर्व ते १५० पश्चिम, म्हणजे १८० ची रेषा ओलांडणारा. माझी फाइल −१८० वाली. १६० ते −१५० असा स्लाइस, म्हणजे डेटाचा तुकडा, मागितला तर काहीच हाती आलं नाही. एरर नाही, सरासरी नुसती नॅन, म्हणजे ‘आकडाच नाही’. मी शहाणपणा करून आकडे उलटे टाकले: −१५० ते १६०. लगेच आकडे आले, आलेखही झकास! २०१५-१६ च्या एल निनोचा उंचवटासुद्धा दिसला. दोन दिवसांनी सहज तो तुकडा नकाशावर काढला, तर त्यात आफ्रिका. हवा होता तो ५० अंशांचा पट्टा सोडून उरलेल्या ३१० अंशांची सरासरी मी काढत बसलो होतो. पूर्व प्रशांत त्यातच असल्यामुळे उंचवटाही होता, म्हणून शंकाच आली नाही.

तेव्हापासून प्रशांतसाठी मी सगळं ० ते ३६० मध्ये आणतो. निनो ४ सरळ १६० ते २१० होतो. अटलांटिकसाठी उलटं. सांधा, म्हणजे रेखांश जिथे संपून पुन्हा सुरू होतात ती जागा, आपल्या समुद्रात नको, एवढंच बघायचं. आणि तुकडा नकाशावर पाहिल्याशिवाय सरासरी काढत नाही.

रूपांतर करताना पायथनमध्ये −१७० ला ३६० ने भागून बाकी १९० येते. फोरट्रानच्या मॉड या फंक्शनमध्ये ती −१७०च राहते. तिथे मोड्युलो वापरा.

रेखांश बदलले की सॉर्ट करा. नाहीतर कंटूर, म्हणजे समान तापमानाच्या रेषा काढणारं फंक्शन, नकाशाभर आडवे फराटे ओढतो.

शून्य रेखांशावर उभी पांढरी फट दिसते ती डेटा खराब असल्यामुळे नव्हे. शेवटचा स्तंभ आणि पहिला स्तंभ शेजारी आहेत, हे कंटूर काढणाऱ्याला ठाऊक नसतं. कार्टोपाय या पायथनच्या नकाशा-लायब्ररीतलं अ‍ॅड सायक्लिक पॉइंट पहिला स्तंभ शेवटी पुन्हा जोडतं आणि फट बुजते. फोटो एडिटरमध्ये रंग भरून ती बुजवणारेही मी पाहिलेत. त्यांना काय बोलणार! मात्र हा जादा स्तंभ फक्त चित्रासाठी. त्याच अ‍ॅरेवर सरासरी काढली तर एक स्तंभ दोनदा मोजला जातो, म्हणून मी तो वेगळ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि प्लॉट झाला की टाकून देतो.