ऑफिसमधले सगळे टीव्ही एका जागेवरून चालवायचे तर

आमच्या ऑफिसात सहा टीव्ही आहेत. पूर्वी रोज सकाळी शिपाईमामा स्टूल आणि रिमोट घेऊन सगळीकडे फिरायचे. रिसेप्शनचा टीव्ही बंद केला की काचेपलीकडचाही बंद पडायचा, कारण दोन्ही एकाच कंपनीचे आणि रिमोट दोघांनाही लागू. आता हे सगळं एका टेबलावरून होतं. खर्च फार नाही, पण क्रम चुकला की डोकेदुखी होते.

खरेदीआधी एक ठरवा: सगळीकडे सारखंच दाखवायचं की वेगवेगळं? सारखंच असेल आणि टीव्ही जवळजवळ असतील, तर एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक टीव्हींना वाटून देणारा डबा, पुरतो. मात्र साध्या केबलवर दहा-पंधरा मीटरच्या पुढे चित्र तुटायला लागतं. तिथे नेटवर्क केबलवरून चित्र नेणारा एक्स्टेंडर घ्या.

वेगवेगळं हवं असेल तर प्रत्येक टीव्हीमागे एक छोटा संगणक लावा. आम्ही रास्पबेरी पाय 4 लावले (पुढे नुसतं 'पाय' म्हणेन). त्याला टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून वीज देऊ नका, ती पुरत नाही; 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर हवा. दोन मायक्रो-एचडीएमआय पोर्टांपैकी पॉवरच्या पोर्टलगतचा वापरा. राउटरमध्ये प्रत्येक पायचा आयपी पत्ता (नेटवर्कवर त्याला ओळखायचा आकडा) कायमचा बांधून ठेवा आणि तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. सहापैकी नेमका कोणता अडलाय हे शोधताना ती चिठ्ठी खूप उपयोगी पडते.

दाखवायचा मजकूर गूगल स्लाइड्समध्ये बनवा, 'वेबवर प्रकाशित करा' निवडा आणि पानं आपोआप पुढे सरकण्याची वेळ ठरवा. पाय सुरू झाला की क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे बटणं-पट्ट्या न दाखवता पूर्ण स्क्रीनभर, ती लिंक उघडेल अशी सोय करा. ताजी पानं यावीत म्हणून रोज सकाळी पाय रीस्टार्ट होऊ द्या. प्रकाशित लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ती उघडता येते. त्यामुळे पगाराचे आकडे किंवा ग्राहकांची नावं त्या पानांवर अजिबात नकोत.

खरं काम आहे ते टीव्ही चालू-बंद करण्याचं. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरूनच टीव्हीला आज्ञा देण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतात, एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. पायवर 'सीईसी-युटिल्स' हे सॉफ्टवेअर टाकलं की 'ऑन 0' आणि 'स्टँडबाय 0' एवढ्या दोन आज्ञांवर टीव्ही उठतो आणि झोपतो. या आज्ञा तुमच्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला आज्ञा देण्याची सोय) द्या, आणि रोजच्या वेळा क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या पायवरच्या प्रोग्राममध्ये, लावून टाका. एसएसएच सुरू करताना पासवर्ड मात्र मजबूत ठेवा.

वीज गेल्यावर हे सगळं कोलमडतं, आणि यावर आमचे बरेच दिवस गेले. वीज परत आली की पाय आपोआप सुरू होतो, पण बरेच टीव्ही स्टँडबायमध्येच राहतात. म्हणून 'ऑन 0' पाय सुरू होतानाही द्यावी लागते. पण वीज रात्री दोनला आली तर? रिकाम्या ऑफिसात सहाही टीव्ही पहाटेपर्यंत जळत राहणार. तेव्हा आज्ञेआधी वेळ तपासणारी ओळ घाला. इथे अजून एक गोम आहे: पाय 4 ला बॅटरीवरचं घड्याळ नाही, खरी वेळ तो इंटरनेटवरून घेतो, आणि वीज आल्यावर राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. म्हणून पाय सुरू झाल्यावर पाच मिनिटं थांबू द्या, मगच वेळ तपासू द्या.

सगळं जोडून झालं की कामाच्या वेळेत एकदा, सगळ्यांना सांगून, टीव्हींच्या लाइनचा आणि राउटरचा स्विच पाडा. दहा मिनिटांनी परत चालू करा आणि हात न लावता पाहा. ज्या टीव्हीवर पानं येणार नाहीत, त्याच्या मागची चिठ्ठी वाचा आणि तिथून दुरुस्तीला लागा.