मुळाचा प्रोटॉन पंप मंदावलेला रंगावरून कसा ओळखायचा

मुळांच्या पेशी सतत प्रोटॉन (आम्लता वाढवणारे हायड्रोजनचे कण) बाहेर फेकत असतात आणि त्या जोरावरच नायट्रेट आत ओढून घेतात. रॅल्फ१ हे पेप्टाइड (छोटं प्रथिन) पेशीवरच्या फेरोनिया या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं, की प्रोटॉन फेकणाऱ्या एएचए२ या पंपाच्या ८९९व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि पंप मंदावतो. हे बघायला महागडं यंत्र नको, आम्लतेप्रमाणे बदलणारा ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग पुरतो. ५.२ सामूच्या (पीएचच्या) खाली तो पिवळा, ६.८च्या वर जांभळा.

मी ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या वनस्पतीची पाच-सहा दिवसांची रोपं घेते. उभ्या प्लेटवरच वाढवा, म्हणजे मुळं आगराच्या जेलीत न घुसता वरूनच सरळ उतरतात. चिमटा पानाला लावायचा, मुळाला नाही. तुटक्या मुळातून रस झिरपला की रंगाचा काही भरवसा नाही.

जेलमध्ये ०.७५ टक्के आगर, ०.२ मिलिमोलर कॅल्शियम सल्फेट, लिटरला ६० मिलिग्रॅम रंग. सामू ६.५ करा आणि थांबा, आणखी काही घालू नका. मी एकदा हाताच्या सवयीने रोपं वाढवायचं नेहमीचं अर्ध्या तीव्रतेचं एमएस माध्यम वापरलं. त्यात सामू बदलू न देणारा एमईएस बफर होता. पेप्टाइड असो वा नसो, सगळ्या प्लेटा ढिम्म जांभळ्या! दोन दिवस मी पेप्टाइड पुरवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

पेप्टाइड महाग, म्हणून बारा खळग्यांची प्लेट बरी. खळग्यात ३ मिलिलिटर जेल, त्यात १ मायक्रोमोलर रॅल्फ१, म्हणजे साधारण १६ मायक्रोग्रॅम. आगर हाताला सोसवेल इतपत निवल्यावरच मिसळा. कृत्रिम पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्लाचा क्षार म्हणून येतं, म्हणून रोपाविना एक खळगा ठेवून ते स्वतःच रंग बदलत नाही ना, हे आधी तपासा.

रोप ठेवल्या ठेवल्या पहिला फोटो, मग तासातासाला, पांढऱ्या उजेडावर. साध्या खळग्यात मुळाभोवती पिवळी कड धरते. रॅल्फच्या खळग्यात ती फिकी किंवा उशिरा येते.

जनुकातल्या बदलामुळे फेरोनिया नसलेलं उत्परिवर्ती रोप शेजारी हवंच. त्याच्याभोवती रॅल्फ असूनही पिवळं धरलं, तर परिणाम ग्राहीमार्फतच झाला असं म्हणता येतं. पण एवढ्यावरून नायट्रेटचं शोषण घटलं असं मात्र लिहू नका. त्यासाठी १५एन या जड नायट्रोजनची खूण लावलेलं नायट्रेट देऊन मुळात किती शिरलं ते मोजावं लागतं.