विक्रांतचा इतिहास लिहायचाय? जहाज राहिलं नाही, तरी असा जमवा

४ डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की विक्रांतवर, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेवर, लिहिणारे, भाषण करणारे, शाळेत प्रोजेक्ट देणारे बरेच जण दिसतात आणि छानच वाटतं ते बघून. पण बहुतेक जण १९७१ च्या युद्धापासून सुरू करतात आणि युद्धातच थांबतात. नंतर तीच बोट मुंबईत कित्येक वर्षं तरंगतं म्युझियम होती, लोक पोराबाळांना घेऊन तिच्या डेकवर फिरले, हे एका ओळीत उरकतात, कधी कधी तेवढंही नाही. मला ते फार लागतं, कारण युद्धाच्या नोंदी नौदलाकडे आहेत, त्या कुठे जात नाहीत, पण म्युझियमच्या वर्षांच्या नोंदी तुमच्या-माझ्या घरातल्या अल्बममध्ये आहेत आणि त्या हळूहळू हरवतायत. म्हणून इतिहास जमवायचा कसा ते माझ्या पद्धतीने सांगतो.

सगळ्यात आधी नावं सरळ करून घ्या, निम्मा घोळ तिथेच होतो. ही बोट जन्माला आली ती एचएमएस हर्क्युलिस म्हणून, इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत, काम सुरू १९४३ ला, पाण्यात उतरली सप्टेंबर १९४५ ला, म्हणजे महायुद्ध नुकतंच संपलेलं, मग तिची गरजच उरली नाही आणि ती अर्धवट तशीच पडून राहिली. १९५७ ला भारताने विकत घेतली, बेलफास्टला हारलंड अँड वोल्फने पूर्ण केली आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती आयएनएस विक्रांत झाली. पहिले कॅप्टन प्रीतम सिंग महिंद्रू. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला नेहरू होते. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली आणि इथे लोक चुकतात, कारण निवृत्त जहाजाच्या नावापुढे आयएनएस राहत नाही, म्युझियम झाल्यावर तिला आयएमएस विक्रांत म्हणायचे, म्हणजे इंडियन म्युझियम शिप. तेव्हा २००५ सालच्या फोटोखाली आयएनएस लिहू नका.

आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली ती नवी विक्रांत. नाव तेच, आर ११ हा नंबरही तोच, त्यामुळे नेटवर फोटो शोधताना दोन्ही एकत्र येतात. नवीची लांबी २६२ मीटर, जुनी साधारण २१३ मीटर, डेकवर मिग-२९के दिसलं की नवी. तिसरी गडबड विराटची, म्हणजे आपल्या दुसऱ्या विमानवाहू बोटीची, तिचा नंबर आर २२, ती मूळची ब्रिटिश हर्मीस. नंबर दिसत असेल तर तो आधी बघा, मगच फोटो वापरा.

आता फोटो वाचायला शिका. हा भाग मला सगळ्यात आवडतो. घरात तारीख नसलेला फोटो सापडला तर बोटीचं नाक बघा, म्हणजे डेकचं पुढचं टोक. ते सपाट असेल तर फोटो ऐंशीच्या दशकाच्या शेवटाआधीचा, कारण तोपर्यंत विमानं वाफेच्या कॅटापल्टने फेकली जायची, आणि नाक वर उचललेलं असेल तर नंतरचा, कारण सी हॅरिअर विमानांसाठी तिथे स्की-जंप बसवला. सी हॅरिअर १९८३ पासून आपल्याकडे. सी हॉक, म्हणजे हॅरिअरच्या आधीचं तिचं लढाऊ विमान, दिसलं आणि नाक सपाट तर साठ-सत्तरचं दशक समजा. आणि सी हॉक आणि स्की-जंप दोन्ही एकाच फोटोत असतील तर? सी हॉक उडायचं थांबलं त्यानंतर स्की-जंप आला, म्हणजे ते विमान तिथे मांडून ठेवलेलं आहे आणि फोटो प्रदर्शनाचा आहे. असा फोटो सापडला तर जपून ठेवा, तीच तुमच्या लेखाची खरी कमाई.

युद्धाचा भाग लिहिताना बॉयलरपासून सुरू करा असं मी सांगेन. विक्रांतला चार बॉयलर होते आणि १९७१ मध्ये त्यातल्या एकाला तडे गेलेले, त्यामुळे पूर्ण वेग मिळत नव्हता. याने काय बिघडतं ते मुलांना समजावून सांगा: विमान डेकवरून उठायला समोरून जोराचा वारा लागतो, तो थोडा समुद्रावरचा आणि बाकीचा बोटीच्या स्वतःच्या धावण्याने तयार झालेला, बोट हळू असेल तर वारा कमी आणि विमानात बॉम्ब, इंधन भरताना विचार करावा लागतो. असं असतानाही तिला पूर्वेच्या ताफ्यात पाठवलं आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केले. हे एवढं कळलं ना की नंतरची २ महावीर चक्रं आणि १२ वीर चक्रं कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. महावीर चक्र मिळालेले दोघे म्हणजे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉकच्या तुकडीचे लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता.

दोन ठिकाणी सावध राहा. एक, १९६५ च्या युद्धात विक्रांत बुडवली असा दावा पाकिस्तानने केला होता, प्रत्यक्षात ती तेव्हा दुरुस्तीसाठी गोदीत होती. दुसरं, पाकिस्तानची गाझी पाणबुडी. विक्रांतला शोधायला आलेली गाझी ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा विक्रांत तिथे नव्हतीच, अंदमानकडे होती, आणि गाझीला भुलवायला जुनी विनाशिका राजपूत पुढे केली होती. राजपूतच्या हल्ल्याने गाझी बुडाली असं आपलं नौदल सांगतं, पाकिस्तान आतल्या स्फोटाचं किंवा सुरुंगाचं कारण देतं. दोन्ही बाजू लिहा, एकच ठोकून देऊ नका. लेख त्याने कमकुवत होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग म्युझियम. यावर निदान एक तृतीयांश जागा द्या, ही माझी विनंती समजा. २००१ पासून महाराष्ट्र सरकारच्या मदतीने ती मुंबईच्या नौदल गोदीत म्युझियम म्हणून लोकांना खुली झाली. २०१२ ला सुरक्षिततेच्या कारणाने बंद. २०१४ च्या सुरुवातीला लिलावात ६० कोटींना गेली, वाचवायला लोक कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टात यश आलं नाही, ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टानेही तोडायला हरकत नाही म्हटलं आणि नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडकाम सुरू झालं. एवढ्या तारखा देऊन थांबू नका, असं का झालं ते लिहा. लोखंडी तळ खाऱ्या पाण्यात कायम असेल तर तो आतून-बाहेरून गंजतो, ठराविक वर्षांनी बोट सुक्या गोदीत घेऊन खरवडून, पत्रे बदलून, रंग द्यावा लागतो, आणि एवढी मोठी गोदी मिळणं, खर्च उचलणारा भागीदार मिळणं दोन्ही अवघड. तसा कायमचा भागीदार विक्रांतला कधी मिळालाच नाही. तुलनेला दोन उदाहरणं पुरेत: लंडनची बेलफास्ट नावाची जुनी युद्धनौका १९७१ पासून थेम्स नदीत म्युझियम म्हणून उभी आहे पण अधूनमधून तिला ओढून गोदीत नेऊन दुरुस्त केलंय, आणि जपानची मिकासा ही युद्धनौका योकोसुकाला किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये पक्की बसवलीय, पाण्याचा प्रश्नच संपवला. विक्रांतबाबत यातलं काहीच वेळेत झालं नाही आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

जाऊन बघायचं असेल तर मुंबईत फोर्टला नौदल गोदीच्या लायन गेटजवळ विक्रांतच्याच धातूचं स्मारक आहे, जानेवारी २०१६ मध्ये उघडलेलं, शिल्पकार अर्झान खंबाटा. गोव्यात नौदलाच्या विमान म्युझियममध्ये सी हॉक, पाणबुड्या शोधणारं अलिझे आणि सी हॅरिअर अगदी जवळून बघता येतात, मोबाईल घेऊन जा आणि सी हॉक, अलिझेचे पंख कुठे दुमडतात त्याचे फोटो काढा, बोटीवर जागा किती कमी होती ते लगेच कळतं. विक्रांतचं काही पोलाद बजाजच्या व्ही १५ मोटरसायकलच्या टाकीतही गेलंय, मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

शेवटचं काम घरचं आहे. २००१ ते २०१२ मध्ये विक्रांतवर गेलेले लोक आजूबाजूला भरपूर आहेत, त्यांना बसवून विचारा, पण "कसं वाटलं" असं मोघम विचारू नका. वर कसे चढलात, आधी डेकवर की हँगरमध्ये (डेकखाली विमानं ठेवायची जागा), कोणती विमानं मांडली होती, कुठे जायला दोरी बांधून बंदी होती, पत्र्यावर गंज दिसत होता का, माहिती देणारे नौदलाचे होते का, असं एकेक विचारा म्हणजे त्यांना आठवायला लागतं. फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. अल्बममधला फोटो काढून त्याच्या मागे पेन्सिलने साल, फोटोतली माणसं आणि डेकवरची जागा लिहा, मग स्कॅन करा, दोन्ही बाजू स्कॅन करा.